बिब्बा उतला होता

“स्मॉलपॉक्स,” डॉक्टर म्हणाले आणि खाटेपासून दोन पावलं मागं सरले.

स्मॉलपॉक्स म्हणजे आपल्याकडच्या देवी. खाटेवर माझा जिवलग धोंडू पडला होता. तोंडाचा भोपळा झालेला, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन चिरा, गळ्यावर आणि हातांवर पाणी धरलेले फोड. आम्हाला सिलोनात, म्हणजे लंकेत, उतरून अजून तीन दिवससुद्धा झाले नव्हते.

परमुलखात टोळीनं निघणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. मी थापाड्या आहे, हे आमच्या विंझर गावापासून भोरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या गोष्टीतला वाघ दर खेपेला हातभर लांब होतो. तेव्हा उकाडा आणि डासांबद्दल मी जे सांगेन त्यातलं निम्मं सोडून द्या. धोंडूबद्दल सांगेन ते मात्र जसंच्या तसं घ्या.

आमचं लेझमीचं पथक होतं. मी वस्ताद, धोंडू ढोलवाला, शिवाय आणखी सात गडी. भोरचे एक व्यापारी कोलंबोत खोबऱ्याचा धंदा करत. मुलीच्या लग्नात आपल्याकडची लेझीम नाचवायची त्यांना हौस आली आणि त्यांनी आम्हाला बोलावलं. लंकेचा रस्ता मला तोंडपाठ आहे, असं मी आगगाडीत सगळ्यांना सांगत होतो. खरं तर पुण्याच्या पुढं मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

समुद्र ओलांडायच्या आधी एका छावणीत सगळ्यांचं व्हॅक्सिनेशन केलं. म्हणजे दंडावर ओरखडे काढून लस टोचतात, मग देवी येत नाहीत. धोंडू रानडुकराच्या अंगावर काठी घेऊन धावणारा गडी, पण ते हत्यार बघून त्याला दरदरून घाम फुटला. “वस्ताद, म्या न्हाई टोचून घ्यायचा. कायतरी करा.”

मग मी केलं. डावा दंड माझ्या नावानं दिला. रांगेच्या शेपटाला जाऊन धोंडूचा पटका डोक्याला गुंडाळला आणि उजवा दंड त्याच्या नावानं दिला. कुणाला पत्ता लागला नाही. बोटीत आम्ही दोघं कोपऱ्यात बसून पोट धरून हसलो.

कोलंबोत उकाडा असा, की बसल्या जागी माणूस शिजावा. डास असे, की एकानं माझी पानतंबाखूची चंची उचलून नेली. (ती पुढं खिशात सापडली, तो भाग वेगळा.) दिवसचे दिवस गाडीत बसून धोंडूचा गुडघा धरला होता. चार दिवसांवर लग्न, आणि ढोलवाला लंगडतोय. माझ्या पिशवीत बिब्बा असायचाच. न्हाणीमागं आम्ही दोघंच गेलो. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेल्या तेलानं गुडघ्यावर फुल्या काढल्या. दुखऱ्या सांध्याला आपल्याकडं असाच बिब्बा घालतात. पण हे तेल एखाद्याला सोसत नाही. अंग सुजतं, फोड येतात. त्यालाच बिब्बा उतणं म्हणतात. दोन फुल्यांत काम झालं असतं. मी वैद्यकी दाखवायला अकरा काढल्या. धोंडूनं तिथं खाजवलं आणि तोच हात तोंडावर, गळ्यावर फिरवला.

दुसऱ्या दिवशी त्याचं अंग सुजायला लागलं, तसं त्यानं मला हळूच विचारलं, “वस्ताद, बिब्बा तर उतला न्हाई न्हवं?”

“छ्या! माझ्या हातचा बिब्बा उतंल व्हय? हितलं पानी बाधलंय तुला.”

मग ताप भरला आणि आम्ही त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर मुंबईत शिकलेले होते, मोडकंतोडकं मराठी बोलायचे. त्यांनी मला सरळ विचारलं, “अंगाला काही औषध लावला होता?”

“न्हाई साहेब.”

एवढंच बोललो. बिब्बा निघाला की त्यामागून टोचणीची लबाडीही निघेल, पथक परत धाडतील, आणि गाडीभर मला वैद्यराज म्हणणारे सात गडी तोंडात शेण घालतील, ही भीती. डॉक्टरांना नवल वाटलं. “टोचला असून कसा आला? पण घाबरू नको. टोचलेला माणूस सहसा मरत नाही.” धोंडूला कुणी टोचलेलंच नाही, हे त्या अख्ख्या लंकेत दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाचे ओठ सुजून बंद झाले होते.

त्याला आयसोलेशन वॉर्डात नेलं, म्हणजे देवीचे रोगी वेगळे ठेवतात तिथं. आम्हा आठ जणांना समोरच्या छपरीत क्वारंटाइन केलं, म्हणजे बाहेरच्या कुणात मिसळू द्यायचं नाही. मी वॉर्डाच्या जाळीकडं बघत बसलो. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. गड्यांना मी लंकेच्या राजाच्या हत्तीच्या गोष्टी सांगत होतो. सगळे हसत होते. मी मात्र जाळीपलीकडं खऱ्या देवीच्या रोग्यांच्या खाटा मोजत होतो; त्यांच्या मधोमध न टोचलेला धोंडू.

तिसऱ्या दिवशी सकाळी धोंडूची सूज थोडी उतरलेली दिसली. तो उठला होता. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती इतक्या खऱ्या देवी. धोंडू त्याचं डोकं मांडीवर घेऊन करवंटीनं पाणी पाजत होता. मला बघून जाळीतून ओरडला, “याला कुनी न्हाई वो, वस्ताद! समदी लांबनंच जात्यात.”

मी पळत सुटलो. रखवालदार आडवा आला, त्याला ढकललं. डॉक्टरांपुढं पिशवीतले बिब्बे ओतले आणि सगळं सांगितलं. फुल्या, पटका, उजवा दंड. डॉक्टरांनी आत जाऊन धोंडूचा गुडघा बघितला. अकराही काळे डाग तिथं होते.

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. घड्याळ बघून म्हणाले, “लस आत्ता देतो. रोग्यांत आल्यापासून चार दिवसांच्या आत दिली तर आशा असते. आज तिसरा. काल बोलला असता तर आशा जास्त होती.”

त्यांनी धोंडूला वेगळ्या खोपटात हलवलं. त्याची शुश्रूषा मला करू द्या म्हणून मी पाय धरले. दोन्ही दंडांवर टोचलेला माणूस त्यांच्याकडं दुसरा नव्हताच. लस टोचताना धोंडूनं डोळे मिटले, हूं की चूं केलं नाही. मग मी त्यालाही सगळं सांगितलं. 

“अकरा फुल्या कुनी सांगितल्या हुत्या रं तुला?”

आजवर त्यानं मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. 

लस टोचल्यापासून आठव्या दिवशी त्याला ताप चढला. मी त्याच्या अंगावरचा इंच इंच तपासला. एकेक घामोळं मला देवी दिसायचं. डॉक्टरांनी त्याचा दंड बघितला. “लस धरली आहे. त्याचाच ताप.” पुढं आठ दिवस वाट बघितली. देवी आल्या नाहीत. तो म्हातारा मात्र गेला होता. लग्न कधीच उरकलं होतं, लेझीम एकदाही वाजली नाही. डॉक्टरांनी आमची तक्रार वर पाठवली नाही. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही.

विंझरला पोचलो तेव्हा धोंडूच्या बायकोनं, सखूवैनींनी, आम्हा दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मला पाटावर बसवून म्हणाल्या, “तुमी संगं हुता, भावजी, म्हनून ह्ये माघारी आलं.”

धोंडू खाली मान घालून जेवत होता. तो मला उघडं पाडणार नव्हता. मीच हातातला घास खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. एक फुलीसुद्धा वाढवली नाही की कमी केली नाही.

वैनींनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, “दोन दिस गप का बसला?”

सात गावांना बोलण्यात हरवणारा मी, ताटातल्या भाकरीचे तुकडे करत बसलो.  वैनींनी माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली आणि त्या चुलीकडं वळल्या.