दादाच्या जीपवरच्या पिवळ्या रेघा

आधीच सांगतो, भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं यातलं मी काही मानत नाही. आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर कोणी उतारा ठेवला की झाडूने गोळा करून कचऱ्यात टाकणारा माणूस मीच. या सदरातले अनुभव वाचतानाही मनात म्हणायचो - आधी वायरिंग तपासा. आता मीच लिहायला बसलोय, तर तुम्हीही तसं म्हणा. मला राग येणार नाही. हल्ली मला कशाचाच फारसा राग येत नाही.

मी डोंबिवलीचा. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. मोठा भाऊ, म्हणजे दादा, कल्याणला राहायचा. तोही फिटर, त्याच लाइनमधला. दोघांना वेड एकच - जुन्या लष्करी जीप. शीळफाट्याच्या एका भंगारवाल्याकडे दादाला एक सांगाडा दिसला. हेडलाइट मडगार्डवर बसवलेले, गिअरचा दांडा खाली नाही तर स्टिअरिंगच्या नळीवर. फॅक्टरीत सरसकट जीप निघायला लागल्या त्याआधी अमेरिकन लष्कराने चाचणीसाठी थोड्या बनवून घेतल्या होत्या, त्यातली ही एक. (अशी गाडी भारतात असूच शकत नाही म्हणणाऱ्या तज्ज्ञांनी कृपया दमू नये. तो वाद आमचा जीपवाल्यांच्या ग्रुपवर घालून झालाय.) एमआयडीसीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि सहा वर्षं आमचे रविवार तिथेच गेले. वहिनी म्हणायच्या, "सवत आणली असती तरी घरी जेवायला आले असते."

कंपनीतली एक पद्धत आम्ही गाळ्यातही पाळायचो. नट आवळणारा नट-बोल्टवरून पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो. मग दुसरा माणूस स्वतः पाना लावून तो नट तपासतो आणि शेजारी पिवळी रेघ ओढतो. पांढरी दादाची, पिवळी माझी. आपलं काम आपणच तपासायचं नाही, हा नियम.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची त्या ट्रायलच्या सकाळी स्टिअरिंगचा ड्रॉप आर्म बसवायचा राहिला होता. स्टिअरिंग वळवलं की चाकं वळतात ती याच दांडीमुळे. दादाने नट लावला, पांढरी रेघ ओढली. मी खाली वाकलो, रेघ पाहिली... पाना दोन पावलांवर होता. दादाचा हात कधी चुकला नव्हता. मी पाना न लावताच पिवळी रेघ ओढली.

टिटवाळ्याच्या पुढे उतारावर आर्म निसटला. मी स्कूटरवरून मागे होतो. गाडी मोरीच्या कठड्यावर गेली आणि दादाची छाती स्टिअरिंगवर आदळली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत तो गेला होता.

जुनी गाडी, व्हायचंच, असं सगळे म्हणाले. रेघांकडे कोणी बघितलं नाही. कदाचित मागून मी तपासतोच म्हणून दादाने नुसता हाताने फिरवून रेघ ओढली असेल. कदाचित नसेल. मी कोणालाच काही बोललो नाही. रडलोही नाही. बँकेची कामं केली, पेपर वाचले, भाजी आणली. आतलं सगळं बधिर होतं.

वर्षानंतर दादाची मुलगी मृणाल आली. ठाण्याला नोकरी करते, बापासारखी हट्टी.

"काका, गाडी पूर्ण कर. मी चालवणार. आईला शेजारी बसवून त्याच रस्त्याने नेणार."

"त्याच रस्त्याने कशाला?"

"आई तो रस्ता टाळायला चार रिक्षा बदलते रे. किती वर्षं टाळणार?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

पुढचा अ‍ॅक्सल सरळ करून घेतला, आर्म आणि त्याचा नट नवीन बनवून घेतले. एकटाच होतो, त्यामुळे फक्त पांढऱ्या रेघा. एका सोमवारी दुपारी शटर उघडलं तर स्प्रिंगच्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रेघेशेजारी पिवळी रेघ. सुकलेली.

गाळ्याची चावी एकच, माझ्याकडे. पिवळ्या रंगाचा आमचा डबा वाळून दगड झालेला, झाकणसुद्धा निघेना. मीच ओढून विसरलो असेन म्हटलं, वय झालं. थिनरने सगळ्या पुसल्या, मोबाइलवर फोटो काढला, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी परत सगळ्या जागेवर. मग ब्रेकच्या नटांवर आल्या. मग चाकांच्या. घाबरलो का? नाही. चहा केला आणि बघत बसलो.

फक्त एका नटावर रेघ येईना. ड्रॉप आर्मच्या.

टॉर्क रेंच (ठरलेला दाब आला की खट्ट वाजणारा पाना) लावून पाहिला, नट चोख आवळलेला. तरी रेघ नाही. शेवटी नवीन डबा आणून पिवळी रेघ मीच ओढली. सकाळी ती नव्हती. पांढरी जशीच्या तशी, तिच्या शेजारी धातू स्वच्छ, थिनरचा वासही नाही. तीनदा ओढली, तीनदा गेली. तिसऱ्यांदा मात्र मी गाळ्यात खाली बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "दादा, पुरे आता." माझाच आवाज ऐकून कसंतरी झालं.

त्या रविवारी मृणालला बोलावलं. पद्धत समजावली, रेंच हातात दिला. ती गाडीखाली सरकली, खट्ट आवाज येईपर्यंत दाब दिला आणि पिवळी रेघ ओढली. बाहेर आली, कपड्यांवरची धूळ झटकली आणि ब्रश हातात धरून थांबली.

"म्हणजे दुसरा तपासतोच?"

"हो."

"मग बाबांच्या वेळी हा नट कोणी तपासला होता?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "रेघ मी ओढली होती. पाना न लावता."

तिने वाकून पुन्हा एकदा गाडीखाली बघितलं. मग ब्रश थिनरच्या डब्यात ठेवला, पर्स उचलली. "आईला मी सांगते. तू आत्ता घरी येऊ नकोस."

तिने ओढलेली रेघ दुसऱ्या दिवशी होती. तिसऱ्या दिवशीही. मी रोज जाऊन बघतो, ती आहे. गाडी तयार आहे, पण न्यायला कोणी आलेलं नाही. रेघा कोण ओढत होतं, कोण पुसत होतं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. फोटो आहेत, हवे असतील तर संपादकांना पाठवतो. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा, एवढंच विचारायला मी हे लिहायला घेतलं होतं.

काल वहिनींचा फोन आला. आवाज शांत होता.

"भावोजी, तेरा दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून होतात. त्यानंतर वर्षभर दर रविवारी माझ्या हातचं जेवून गेलात. तेव्हा का नाही बोललात?"

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. त्यांनी वाट पाहिली, मग ठेवला. त्याचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.