कंपनीचं टोपडं

गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत, कारण गिऱ्हाईक दारात आलं की तो आधी त्याच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचा, मग बोलायचा. समोरच त्याच्या मेहुण्याचं नामांकित कंपन्यांच्या काठ्यांचं चकाचक दुकान होतं. “हातानं बनवलेल्या काठीला आता विचारतो कोण?” असं मेहुणा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. नऊ वर्षं दोघांमध्ये विस्तव जात नव्हता.

एका दुपारी मेहुणाच मागच्या गल्लीनं, मान खाली घालून आला. हातातल्या काठीच्या डोक्यावर कंपनीचं नाव छापलेलं टोपडं होतं. मोजपट्टीनं ते काढलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली त्याचीच खूण कोरलेली होती. भांडणाआधी त्यानंच बनवून दिलेली काठी, आता मुठीत सैल झालेली.

“दुकानातली एकही जमेना?”

“माझा डावा हात आखूड आहे, दाजी. तुम्हाला ठाऊक आहे.”

मोजपट्टीनं मूठ घट्ट बसवली, अगदी चोख. मग टोपडं स्वतःच्या खिशात घातलं.

“काठी उघडीच ने,” तो म्हणाला. “आणि मागच्या गल्लीनं नाही. पुढच्या दारानं, तुझ्या गिऱ्हाइकांच्या देखत.”