धरण राहिलं, हडपसर पाहिलं
तर्रीचा झणझणीत वास आला, की मला न पाहिलेलं धरण आठवतं. कॉलेजला दोनच दिवस सुट्टी होती. तेवढ्यात घरी यवतमाळला जाऊन येणं जमणार नव्हतं, म्हणून माझी रूममेट हिरमुसली होती. तिला खडकवासला दाखवायला कर्वेनगरहून निघालो आणि गप्पांच्या नादात उलट्या दिशेच्या बसमध्ये चढलो. "धरण मागे राहिलं. आता हडपसर बघून या," कंडक्टर शांतपणे म्हणाले. उतरलो, तर समोरच विदर्भातल्या तर्री-पोह्यांची गाडी. रूममेटचं बोलणं ऐकताच गाडीवाल्या मावशींनी विचारलं, "कोन्या गावची वं तू?" मग दोघी वऱ्हाडीत अशा रमल्या, की मी नाक पुसत दुसरी प्लेटही संपवली. संध्याकाळी होस्टेलवर मुलींनी विचारलं, "कसं होतं धरण?" रूममेट म्हणाली, "घरी जाऊन आली ना मी!" खडकवासला मी अजून पाहिलेलं नाही, आणि काही अडलेलंही नाही.