रॅम्पविरुद्ध गाऱ्हाणं

माझ्या थोरल्या दिरांशी माझं पटत नाही, हे आमच्या पार्से गावात कुणाला सांगावं लागत नाही. पटवून घ्यावं असं मला कधी वाटलंही नाही. घराच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, बालकांवाच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, मधोमध भिंत आली. अंगण तेवढं सामायिक राहिलं. सामायिक म्हणजे झाडायचं मी आणि मालकी त्यांची.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. भित्री म्हणजे किती भित्री, तर पाहुणे आले की माझ्या मागे लपायची आणि शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी पुटपुटायची. तिने एकदा मोबाईलवर लाकडी रॅम्पवरून सायकली उडवणारी मुलं पाहिली आणि माझ्या मागेच लागली. आपणहून तिने काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. नवरा म्हणाला, पडली तर हात मोडेल. मी म्हटलं, मोडला तर प्लास्टर घालू, पण ही अशीच मान खाली घालून मोठी झाली तर त्याला कुठलं प्लास्टर घालणार आहेस?

माझे वडील शिरगावचे सुतार, म्हणजे आमच्याकडचे मेस्त. भावांना रंधा कधी धरवला नाही, मला धरवला. मागच्या खोलीच्या स्लॅबच्या वेळच्या सेंट्रिंगच्या फळ्या गोठ्यात पडून होत्या, त्या मी बाहेर काढल्या. प्लायवूडवर खिळा ठोकून त्याला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला पेन्सिल, आणि दोन्ही बाजूंच्या पाट्यांची गोलाई आखून घेतली. हातकरवतीने कापताना खांदे भरून आले. आडव्या पट्ट्या मारल्या आणि वरचा पातळ प्लाय वाकावा म्हणून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवला. टायरला टोचू नयेत म्हणून स्क्रूची डोकी लाकडात बुडवली. चढायला एक, उतरायला एक, मध्ये पाटाएवढी फट. काम झालं तेव्हा मीच त्याच्याकडे बघत उभी राहिले, इतकं ते छान झालं होतं.

पहिल्या दिवशी ती पडली. गुडघा फुटला, रडली, आणि रडत रडतच सायकल उचलून पुन्हा मागे गेली. चार-पाच दिवसांत ती फट पार करू लागली आणि उतरताना ओरडू लागली. ही मुलगी ओरडू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. भात गाळता गाळता तो आवाज ऐकला की मला एकटीलाच हसू यायचं.

दिरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते बालकांवात खुर्चीवर, आमच्या भाषेत कदेलीवर, बसून पेपर वाचत, म्हणजे पेपरावरून आमच्याकडे बघत. आधी म्हणाले, काजूच्या बिया वाळत घालायला जागा उरली नाही. मी रॅम्प पलीकडच्या कोपऱ्यात सरकवला. मग म्हणाले, दुपारची झोप मोडते. मी वेळ बदलली. मग म्हणाले, मुलीच्या जातीने असं उडणं बरं दिसत नाही. त्यावर मी म्हटलं, भावोजी, तुम्ही बघू नका, म्हणजे दिसणार नाही. जाऊबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. दीर पेपराची नीट घडी घालून आत गेले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमच्याकडे शिमगा झाला की घरामागच्या सातवणीच्या झाडाखाली राखणदार देवाला नारळ ठेवतात. चुली कितीही झाल्या तरी राखणदार एकच, आणि गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्याचा. सगळं घर हात जोडून मागे उभं राहतं. थोरला एकेक मागणं मोठ्याने म्हणतो आणि आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतो. काय म्हटलं ते कोणी ऐकत नाही. आवाज चढला, 'रे म्हाराजा' आलं की तोंडातून आपोआप निघतं. मुलं हे चालायला लागल्यापासून शिकतात.

दिरांनी सुरुवात नेहमीसारखीच केली. पोराबाळांची राखण कर, गुरावासरांची राखण कर. व्हय म्हाराजा. परगावी आहेत त्यांना सुखरूप ठेव. व्हय म्हाराजा. आणि त्याच सुरात, जराही न थांबता, ते पुढे म्हणाले, "आणि ह्या आंगणात जा काय नको ता उभा केलाहा, त्येच्यावरसून चेडू उडता, ता आजपासून बंद कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. माझा नवरा म्हणाला. आणि माझ्या बाजूला उभी असलेली मुलगी, डोळे घट्ट मिटून, सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. मी एकटी गप्प राहिले, पण त्याने काय होणार होतं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिला कळलं होतं, की उडणारं चेडू म्हणजे तीच.

रॅम्पला कोणी हात लावला नाही. लावायची गरजच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सायकल पुसून तिच्या हातात दिली. तिने ती गोठ्यात नेऊन ठेवली. मी समजावलं, रागावले, देव असल्या गोष्टी ऐकत नाही म्हटलं. ती म्हणाली, मग बाकीच्या कशा ऐकतो? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मला कळलंच नाही गं, सवयीने निघालं. त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून चौथीतल्या पोरीला मारणाऱ्या माणसाचा मला जो राग आला, तो आजही तसाच आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

मे महिन्यात वास्कोहून दिरांचा नातू आला, मुलीहून दोन वर्षांनी लहान. आल्या आल्या त्याने रॅम्प पाहिला आणि हट्ट धरला. तो गाऱ्हाण्याला नव्हता, त्याला कसली आडकाठी? दीर त्याचा हात धरून आमच्या बाजूला आले. माझ्याकडे न बघता माझ्या मुलीला म्हणाले, सायकल आण, कसं जायचं ते ह्याला एकदा चालवून दाखव. ती हलली नाही. ते म्हणाले, मी सांगतो ना, जा, काही होत नाही.

"काका, मियां तुमका नाय," ती म्हणाली. "देवाक व्हय म्हटलंय."

पुटपुटली नाही, स्पष्ट म्हणाली. दिरांचं तोंड उतरलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी पुढे होऊन रॅम्प ओढायला लागले. म्हटलं, कोणीच उडायचं नाही. तिने माझा हात धरला.

"रवांदे गो आई. तो बारको आसा."

तिने गोठ्यातून आपली सायकल आणली, सीट खाली करून त्याला दिली. सारवलेल्या जमिनीवर रॅम्प सरकतो हे तिला ठाऊक होतं. ती पुढे गेली आणि खालच्या पट्टीवर पाय दाबून उभी राहिली. दीर टाळ्या वाजवत होते. नातू माझ्या मुलीच्या सायकलवरून उडाला, ओरडला, आणि पुन्हा मागे गेला. रॅम्प हलू नये म्हणून ती संध्याकाळपर्यंत तशीच उभी होती.