न बसलेली खडी

इंजिनाच्या केबिनमध्ये मी ड्रायव्हरच्या मागे उभा होतो. बेंगळुरूजवळचं के. आर. पुरम स्टेशन मागे पडलं होतं. पुढे माझा भराव होता, भरावावर वळण होतं आणि मागच्या डब्यांत खच्चून माणसं भरलेली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रेल्वेत पीडब्ल्यूआय होतो, म्हणजे रूळ सांभाळणारा. त्या भरावावरची खडी आम्ही नुकतीच उपसून, चाळून परत भरली होती. खडीत माती साचली की पाणी निचरत नाही, म्हणून हे काम अधूनमधून करावंच लागतं. पण नुकती भरलेली खडी सैल असते, रुळाला घट्ट धरत नाही. म्हणून तिथे वीसचा बोर्ड लावतात. ताशी वीस किलोमीटर, एक्सप्रेस असो नाहीतर मालगाडी. चांगली धावणारी गाडी मध्येच रांगायला लागते आणि लोक आमचा उद्धार करतात, त्यामागे पुष्कळदा हा बोर्ड असतो.

खडी बसली की वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा. ती बसवतात वरून जाणाऱ्या गाड्या, त्यातही जड मालगाड्या. आणि नेमक्या त्या दिवसांत मालगाड्या दुसऱ्या मार्गाने वळवलेल्या. हे मी साहेबांना सांगितलं. साहेब नागपूरचे, बेंगळुरूला नवीनच बदलून आलेले.

"नियमाचे दिवस भरले ना, शंकरराव?"

"भरले, सर. पण दिवसांनी खडी बसत नाही, वजनाने बसते. शिवाय एप्रिल आहे. तापलेला रूळ लांबायला बघतो. खडीने धरला नाही, तर बाजूला सरकेल."

"बेंगळुरूला कसलं आलंय ऊन? आमच्या नागपूरला या! एक्सप्रेस रोज लेट होतेय, वरून फोनवर फोन. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. उद्या पंचाहत्तर करा."

भित्रा तर मी आहेच. रुळाच्या नोकरीत न भिणारा माणूस मला तरी नको. पण आमच्या सेक्शनचा एक रिवाज होता. वेग वाढवला, की तो वाढवायला सांगणाऱ्याने पहिल्या गाडीच्या इंजिनात उभं राहायचं. मी साहेबांना तेवढंच सुचवलं.

"येतो की! घाबरतो काय?" साहेब म्हणाले. आणि आले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

तर भर दुपारी आम्ही दोघं त्या केबिनमध्ये. ड्रायव्हर गोविंदप्पा हुबळीकडचे, मराठी बोलणारे. भराव जवळ आला तसं त्यांनी मागे न बघता विचारलं, "सर, स्वल्प हळूच घेऊ का?"

"पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर," साहेब म्हणाले.

"सरी, सर," त्यांनी कानडीत होकार दिला. पण गोविंदप्पांनी वेग अर्धामुर्धाच वाढवला. मी मनातल्या मनात कुलदैवताचा धावा करत होतो. वळण उलगडलं आणि मला समोर दिसलं. दोन्ही रूळ एका बाजूला फुगले होते, कुणीतरी खांद्याने ढकलल्यासारखे.

"ब्रेक!" मी ओरडलो. गोविंदप्पांनी त्याआधीच मारला होता.

ब्रेक मारला म्हणून गाडी लगेच थांबत नाही. ती कर्कश आवाज करत पुढे जातच राहिली आणि तो रुळांचा बाक जवळ येत गेला. भरावाखाली एक तळं होतं, ते त्या वेळी मला फार खोल वाटलं. मी डोळे मिटले. साहेबांनी माझा दंड धरला होता. बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते.

गाडी थांबली तेव्हा बाक इंजिनाच्या पुढे डब्याभराच्या अंतरावर होता.

आम्ही खाली उतरलो. मी खडीवरच बसलो. साहेब रुळाकडे बघत म्हणाले, "वीसचा बोर्ड परत लावा. मालगाड्या सुरू होईपर्यंत काढायचा नाही."

तेवढ्यात पहिल्या डब्याच्या खिडकीतून एक गृहस्थ इंग्रजीत कडाडले, "गाडी मध्येच का थांबवली? आमचं लग्न चुकलं तर जबाबदार कोण? तुम्हा रेल्वेवाल्यांना लाज कशी वाटत नाही?"

साहेबांचा चेहरा अजून पांढराफटक होता. त्यांनी त्या गृहस्थांचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"सॉरी, सर," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "बोलू द्या त्यांना, शंकरराव. जिवंत आहेत म्हणून बोलताहेत."