काचेपलीकडचं बोलणं

लवूच्या कानांवर कोणी भरवसा ठेवत नसे, पण त्याच्या डोळ्यांपुढे काळाचौकीच्या चाळीत कुणाचं गुपित टिकत नसे. जवानी सगळी कापडगिरणीच्या सांचेखात्यात गेली. मागांच्या खडखडाटात आवाज काढणंच फुकट. माणसं ओठांवरून बोलणं वाचत. संप फसला, गिरणी बंद पडली, लवू वॉचमन झाला. कान गेले ते गेलेच, ओठ वाचायची खोड मात्र राहिली.

त्या दिवशी त्या खोडीनेच त्याचा घात केला.

बायको शांता, तीही गिरणीतलीच, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली. तिच्या छातीत गाठ लागली होती. साध्या सोनोग्राफीत ती पाण्याची की घट्ट, हे ठरेना, म्हणून परळच्या इस्पितळात नव्या यंत्रावर तिला पालथं झोपवलं होतं. छाती कोमट पाण्यात, भोवती एक कडं. ते चहूबाजूंनी आवाज सोडणार, पलीकडे पोचलेला आवाज टिपणार आणि त्यावरून कॉम्प्युटर आतलं चित्र जुळवणार. पहिलं चित्र कच्चं, आवाज सरळ गेला असं धरून काढलेलं. अंगातून जाताना तो वाकतो, म्हणून कॉम्प्युटर पुन्हापुन्हा हिशेब दुरुस्त करतो, असं डॉक्टर मृणालिनींनी आधीच सांगितलं होतं. पण डॉक्टर कागदात मान घालून बोलत होत्या, आणि लवूने काही न कळताच मान डोलावली होती. बहिऱ्या माणसाची अब्रू अशीच राखली जाते.

आता काचेपलीकडच्या पडद्यावर काळा डाग उमटला. डॉक्टर मदतनिसाकडे वळल्या आणि लवूने त्यांचे ओठ वाचले.

"घट्ट दिसतेय. कॅन्सर असू शकतो."

लवू मागच्या बाकावर जाऊन बसला. संपात हिने पापड लाटून घर ओढलं, आणि आपण एकदाही 'दमलीस काय' म्हणून विचारलं नाही, हे त्याला आत्ता त्या बाकावर आठवत होतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

शांता कपडे सावरून बाहेर आली आणि त्याचं तोंड बघून थबकली. गिरणीतल्यासारखं, आवाज न काढता, तिने विचारलं, "काय?"

"काय नाय," लवूचे ओठ म्हणाले. पण तिने काचेकडे पाहिलं, त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि ती त्याच्या शेजारी बसली.

बऱ्याच वेळाने, कॉम्प्युटरचा हिशेब पुरा झाल्यावर, त्यांना आत बोलावलं. डॉक्टर पडद्याकडे बोट दाखवत, पाठमोऱ्याच भराभर बोलू लागल्या. पाठीवरून काय वाचणार? लवू शांताच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचे कान त्यातल्या त्यात शाबूत होते. तिने एकदा ऐकलं, पुन्हा विचारून घेतलं. मग त्याच्याकडे वळून नुसते ओठ हलवले.

"पाणी आसा. सुयेन काढतले. कॅन्सर नाय."

लवू डॉक्टरांसमोरच रडायला लागला. शांताने त्याचे डोळे पदराने पुसले, मग चांगला आवाज चढवून म्हणाली, "पुढच्या टायमाक चित्र पुरा होऊच्या आधी माका मारू नको."