पाचवी सवाष्ण

“मग धरायची का न्हाय, ते एकदा सांगा!” सुप्रियानं सूप आदळलं. “हळद फोडायला पाच सवाष्णी लागत्यात. नवरीकडच्यांनी इचारलं, ही पाचवी कोण, तर मी काय सांगू?”

“माझा इंद्रजित जित्ता हाय,” सासूबाई, कुशाबाई म्हणाल्या. “रेश्मा सवाष्णच हाय.”

“मग संक्रांतीला तिला वाण का न्हाय दिलं, आत्याबाई?”

सुप्रियाच्या धाकट्या दिराचं, ऋषिराजचं लग्न तोंडावर आलं होतं. ज्या थोरल्या जावेवरून हे चाललं होतं, ती रेश्मा तिथंच लसूण सोलत बसली होती.

काही वर्षांपूर्वी तिचा नवरा इंद्रजित “भिगवणला जाऊन येतो” म्हणून सणसरमधून निघाला, तो आलाच नाही. मोटारसायकल डाळजजवळ हायवेकडेला सापडली, किल्लीसकट. तेव्हापासून रेश्मानं कुंकू लावलं की सुप्रिया टक लावून बघायची, नाही लावलं की कुशाबाई रडायच्या. म्हणून ती टिकली लावायची, लांबून दिसू नये एवढी बारीक. माहेरी राहायचं म्हटलं की सासू म्हणायची, “आन् तो आला तर?”

जळोचीतल्या एका छोट्या कंपनीत तिला काम लागलं होतं. उसाच्या पानांचे फोटो बघून कोणता रोग ते सांगायचं, त्यावरून मशीन शिकायचं. एकदा एका धूसर फोटोसाठी तिनं शंभरपैकी पन्नास गुण तांबेरा रोगाला आणि पन्नास तपकिरी ठिपक्यांच्या रोगाला दिले. तिथल्या अद्वय सरांनी थांबवलं.

“रेश्माताई, पन्नास-पन्नास म्हणजे दोन्हींकडे सारखा पुरावा आहे. इथं पुरावाच नाही. शंभरच्या शंभर ‘दोन्हींपैकी एक’ या कप्प्यात टाका. नाहीतर मशीनला वाटेल, आपल्याला निम्मं कळलंय.”

“आणि त्या कप्प्यातून कधी निघायचं?”

“नवा, स्पष्ट फोटो आला की.”

“आलाच नाही तर?”

“तर तिथंच राहायचं,” सर हसले. रेश्माला हसू आलं नाही.

ओसरीवरून आता सासरे, आप्पासाहेब, बोलले. “असं करू. रेश्मानं हळकुंडं निवडावी, पाखडावी. मुसळाला हात लावू ने. म्हंजी तिचा मान बी राहिला, कुणाला शंका बी न्हाय.”

सगळ्यांना पटलं. सुप्रियाचा आवाजही उतरला. “बरं झालं. सैपाकाला बी एक हात मोकळा ऱ्हाईल.”

रेश्माला ते पन्नास-पन्नास आठवलं. तिनं सालं पदरात गोळा केली आणि उठली.

“पाचवी बाई दुसरी बघा, मामंजी. हळकुंडं निवडायला बी दुसरीच बघा. त्या दिवशी मी कामावर जाणार हाय.”

“आगं, घरचं कार्य!” कुशाबाईंचा आवाज फुटला. “भावाच्या हळदीला तो आला तर?”

“आला तर बसवा त्याला,” रेश्मा म्हणाली. “मी सहाला येती.”